जोडकामाची उमेदवारी

सुतारकामात शिरण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी घरच्या परंपरेतून येते, कोणी पूर्णवेळ अभ्यासक्रम करून येते, कोणाचा छंद वाढत वाढत व्यवसाय होतो. मी उमेदवारीचा मार्ग घेतला. म्हणजे दारे, खिडक्या, चौकटी, जिने आणि भिंतीत बसणारी कपाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात पगारी शिकाऊ म्हणून काम केले आणि त्याच काळात ठरलेल्या दिवशी प्रशिक्षण वर्गात बसले. त्याआधी काही वर्षे मी टेबलावर बसून कागद हाताळण्याचे काम करत होते आणि लाकडाशी माझा संबंध हौसेने बनवलेल्या एकदोन फडताळांपुरताच होता. या वाटेने येऊ इच्छिणारे लोक मला हत्यारांविषयी आणि पगाराविषयी विचारतात, ते योग्यच आहे; पण कारखान्यात कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने हातात दिली जाते, हे फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते उमेदवारीचे खरे मोल त्या क्रमातच आहे, म्हणून हे लेखन मुख्यतः त्याविषयी आहे.

निवडीची प्रक्रिया साधी होती. एक लेखी चाचणी झाली, तिच्यात अपूर्णांक, क्षेत्रफळ आणि कोन यांवरचे प्रश्न होते. नंतर एका कपाटाचे रेखाचित्र समोर ठेवून त्यातले दार कोणत्या बाजूला उघडते, फळीची जाडी किती आहे, आतील माप कोणते आणि बाहेरचे कोणते, असे विचारण्यात आले. लाकूडकामाचा अनुभव मागितला नव्हता. दिवसभर उभे राहण्याची, ओझे उचलण्याची आणि सकाळी वेळेवर हजर राहण्याची तयारी आहे का, याची मात्र कसून चौकशी झाली. मीही काही प्रश्न विचारले आणि ते विचारल्याचा मला पुढे फायदा झाला: मला शिकवण्याची जबाबदारी नेमक्या कोणत्या कारागिरावर असेल, कारखान्यात हातकामाचे बेंच आहे की सर्व काम यंत्रांवरच होते, वर्गात घालवलेल्या दिवसाचा पगार मिळतो का, आणि हे सारे करारात लिहून मिळेल का. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जिथे शिकाऊ उमेदवार सर्वांचा असतो, तिथे तो कोणाचाच नसतो. हाताशी मोकळा दिसला की जो तो त्याला उचल-ठेवीला बोलावतो आणि वर्ष सरते. करार अनेक ठिकाणी दोन ते चार वर्षांचा असतो आणि त्या काळातला पगार अनुभवी कारागिराच्या मानाने बराच कमी असतो. ज्यांच्यावर घरची जबाबदारी आहे, त्यांनी हा हिशेब आधीच मांडावा. नुसत्या उत्साहाच्या बळावर तो निभावत नाही.

सुरुवातीचा बराच काळ माझ्या हाती झाडू आणि फळ्या होत्या. आलेले लाकूड उतरवायचे, जाडीनुसार वेगळे करायचे आणि दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थर रचायचे. या पट्ट्या एकाच उभ्या ओळीत आल्या पाहिजेत, नाहीतर वरच्या थरांच्या वजनाने खालच्या फळ्यांना बाक येतो. ज्या मिस्त्रींकडे मला सोपवले होते ते रोज रचाईजवळून जाताना एखादी फळी बाहेर काढत, तिचे टोक माझ्यासमोर धरत आणि विचारत, “ही वाळली तर कोणीकडे वाकेल, सांग.” टोकावर वार्षिक वलयांच्या कमानी दिसतात. वाळताना त्या कमानी सरळ होऊ पाहतात, म्हणून फळी गाभ्याच्या विरुद्ध बाजूकडे खोलगट होते. हे कळायला मला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर कोणतीही फळी टोकाकडून पाहिल्याखेरीज उचलवेना.

लाकूड हालते, ही जोडकामातली सर्वांत मूलभूत गोष्ट आहे आणि ती पुस्तकातून वाचणे व रचाईच्या शेजारी उभे राहून शिकणे यात फार अंतर आहे. ताज्या कापलेल्या लाकडात भरपूर पाणी असते. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी निघून जाते आणि त्याने आकारात फरक पडत नाही. ओलावा सुमारे 28 ते 30 टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींतले पाणी कमी होऊ लागते आणि तेव्हापासून लाकूड आक्रसते. हे आक्रसणे सर्व दिशांना सारखे नसते. वलयांच्या कडेने ते सर्वाधिक असते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या निम्मे, आणि लांबीच्या दिशेने इतके अल्प की व्यवहारात ते धरतच नाहीत. घरातल्या कामासाठी साधारण 8 ते 12 टक्के ओलाव्याचे लाकूड लागते, बाहेरच्या दार-खिडक्यांसाठी त्याहून थोडे ओलसर चालते. आमच्याकडे ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र होते आणि आलेल्या प्रत्येक मालाची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. पण लाकूड घरात बसल्यावरही हवेतली आर्द्रता घेत आणि सोडत राहते, त्यामुळे हालचाल कायमची थांबवता येत नाही. तिला जागा करून द्यावी लागते. पॅनेलच्या दारात मधली रुंद फळी चौकटीच्या चरीत नुसती बसवलेली असते, तिला सरस लावत नाहीत. ती फुगली की चरीत शिरते, आक्रसली की थोडी बाहेर येते, आणि दार मात्र मापात राहते. दाराची ती घडण मी जन्मभर पाहत आले होते. ती शोभेसाठी नाही, लाकडाच्या स्वभावासाठी आहे, हे मला उमेदवारीत उमगले आणि त्या दिवशी या व्यवसायाविषयीचा माझा आदर दुणावला.

यानंतर हत्यारांना धार लावणे आले. पटाशीची आणि रंध्याच्या पात्याची पाठ आधी दगडावर पूर्ण सपाट करायची, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेषा, आणि त्यातला एक जरी ओबडधोबड असला तरी ती रेषा कधीच तीक्ष्ण होत नाही. मग उतार 25 अंशांवर घासायचा आणि अगदी टोकाला 30 अंशांची बारीक धार काढायची. आमच्याकडे पाण्याचे दगड होते, साधारण 1000 आणि 6000 क्रमांकाचे. पहिल्यावर पाठीमागे बोटाला जाणवणारी बारीक कड उमटेपर्यंत घासायचे, दुसऱ्यावर ती कड उतरवायची. धार झाली की नाही, हे मऊ लाकडाच्या टोकाकडच्या छेदावर पाहतात. तंतू चिरडले जाऊन तो भाग पांढुरका दिसला तर पाते अजून बोथट आहे. छेद गुळगुळीत आणि गडद दिसला तर काम करता येईल. बोथट पटाशी अधिक धोकादायक असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटला की सावरत नाही. मला यात एक अडचण वेगळीच आली. कारखान्यातली बेंचे उंच माणसांच्या बेताने केलेली होती आणि रंधा मारताना माझा खांदा वर उचलला जाई, त्यामुळे पाठ भरून येई. मिस्त्रींनी माझ्या मनगटाच्या उंचीशी येईल असे बुटके बेंच बनवून घेतले आणि रंध्याखालून सलग, पातळ साल निघू लागली. बेंचाची उंची ही लहान बाब समजू नये. दिवसभराच्या श्रमाचा मोठा भाग तिच्यावर अवलंबून असतो आणि नव्या माणसाला ती मागण्याचा संकोच वाटतो, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

करवत हातात येण्याआधी आखणी आली आणि तिच्यावर आम्ही सर्वाधिक काळ घालवला. प्रत्येक तुकड्याची एक रुंद बाजू रंधून सपाट करायची, तिच्यात पीळ नाही हे दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना ठेवून नजरेने पाहायचे, आणि मग तिला लागून असलेली एक कड गुण्यात, म्हणजे तिच्याशी काटकोनात, आणायची. या दोन्हींवर खूण करायची. त्यानंतरची प्रत्येक रेघ याच दोन पृष्ठभागांवरून निघते. गुण्या त्यांनाच टेकवायचा, गेज, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढण्याचे सुईचे हत्यार, त्यांवरूनच चालवायचा. असे केले की उरलेल्या दोन बाजू किंचित वाकड्या असल्या तरी सांधा बिघडत नाही. माझ्याबरोबर वर्गात असलेले अनेक जण ही खूण करणे औपचारिकता मानत; माझी समजूत अशी झाली की संपूर्ण जोडकाम त्या खुणेवर उभे आहे.

दुसरी गोष्ट अशी की शक्य तिथे मोजायचे नाही, माप उतरवून घ्यायचे. दार किंवा खिडकी बनवण्यापूर्वी एका पातळ, पांढऱ्या फळीवर तिचा उभा आणि आडवा छेद पूर्ण मापात काढतात. तिला रॉड म्हणतात. लाकडाचे तुकडे त्या रॉडवर ठेवून खांद्यांच्या (जोडासाठी टोक बारीक करताना जिथे पूर्ण जाडी संपते त्या कडांच्या), खाचांच्या आणि चरींच्या जागा थेट उतरवायच्या. दाराच्या दोन उभ्या पट्ट्या असतील तर त्या एकत्र आवळून दोन्हींवर एकाच वेळी रेघ ओढायची, म्हणजे पट्टीवरचा आकडा वाचण्यातला फरक शिरायला वावच उरत नाही. शेवटची रेघ पेन्सिलीची नसते, सुरीची असते. पेन्सिलीच्या रेघेला रुंदी असते आणि कापताना तिच्या कोणत्या बाजूला जायचे हा प्रश्न उरतो. सुरीच्या चिरेत पटाशीचे टोक आपोआप बसते. कुसू (तुकड्याच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि ती जिच्यात शिरते ती खाच यांच्या सांध्यात कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरतात, पण तोही आकडा पट्टीवरून घेत नाहीत. हाताशी असलेल्या किकऱ्यांपैकी, म्हणजे खाच पाडण्याच्या जाड पटाश्यांपैकी, जे त्या जाडीच्या सर्वांत जवळ येते, त्याच्याच पात्याला गेजच्या दोन्ही सुया लावून घ्यायच्या, कारण खाच त्या पात्याच्या रुंदीचीच पडणार आहे. या पद्धतीत मला अतिशय समाधान मिळे. आधीच्या नोकरीत मी दिवसभर आकडे हाताळत असे; इथे आकडा कमीत कमी वापरून नेमकेपणा साधता येतो, हे पाहून मी थक्क झाले.

आखणी पक्की असली की कापणे बरेच सोपे होते, अवघड राहते ते हाताला वळण लावणे. कुसू कापताना करवत रेघेवर चालवायची नाही, टाकाऊ भागाच्या बाजूने रेघेला लगटून चालवायची. आरपार खाच पाडताना निम्मी एका बाजूने आणि निम्मी दुसऱ्या बाजूने पाडायची, म्हणजे किकरे बाहेर पडताना कडेचे तंतू उचकटत नाहीत. सांधा हाताच्या दाबाने, किंवा फार तर मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर खाचेच्या टोकाला लाकूड फाटण्याची शक्यता असते आणि सगळा सरस पुसला जाऊन सांधा कोरडाच राहतो. डोव्हटेलसाठी, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दातांच्या सांध्यासाठी, मऊ लाकडात 1 ला 6 आणि कठीण लाकडात 1 ला 8 असा उतार घेतात. वर्गात एकदा शिक्षिकेने आम्हांला जर्मनीतील लाइपझिगच्या परिसरात उत्खननात सापडलेल्या विहिरींची छायाचित्रे दाखवली. सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, धातूची हत्यारे नसताना, लोकांनी ओक लाकडाच्या त्या विहिरी बांधल्या होत्या आणि त्यांत पाचर मारून आवळलेला कुसू-खाचेचा सांधा होता. दुसऱ्या दिवशी बेंचवर तोच सांधा पाडताना माझे हात जरा अधिक सावकाश चालले.

यंत्रांवर मला उशिरा नेण्यात आले आणि तेव्हा त्याचा कंटाळा आला असला तरी आता तो निर्णय योग्य वाटतो. चक्राकार करवतीवर लाकूड मागे फेकले जाण्याचा धोका का असतो, हे रचाईतल्या फळ्यांचे वाकणे पाहिलेल्या माणसाला चटकन समजते. चिरताना आतला ताण सुटून दोन भाग एकमेकांकडे मिटतात, पात्याच्या मागच्या दातांना पकडतात आणि फळी वेगाने चालवणाऱ्याकडे येते. पात्यामागे उभी असलेली पोलादी पट्टी ते दोन भाग मिटू देत नाही, म्हणून ती काढून काम करण्याची सवय कोणी कितीही वर्षे पाळलेली असो, तिचे अनुकरण करू नये. केस बांधलेले, बाह्या घट्ट, हातात मोजे नाहीत, अरुंद तुकडा पात्याजवळ ढकलायला काठी, हे नियम आमच्याकडे सर्वांना सारखे होते. भुशाविषयी मात्र मला सर्वत्र अधिक गांभीर्य हवे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. कठीण लाकडाच्या धुळीचा संबंध नाकातल्या एका विशिष्ट कर्करोगाशी जोडला गेलेला आहे. ही धूळ सुवासिक असते आणि निरुपद्रवी वाटते. जिथे धूळ खेचणारी यंत्रणा नीट चालत नाही आणि योग्य मास्क मागितल्यावर लोक हसतात, अशा ठिकाणी उमेदवारी पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गातला दिवस कारखान्यातल्या दिवसांना पूरक होता, पण तो आपोआप पूरक होत नाही. वर्गात 3-4-5 च्या त्रिकोणाने काटकोन कसा काढायचा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण समान आले म्हणजे ती गुण्यात आहे, हे शिकवले जाई. त्याच आठवड्यात कारखान्यात चौकटीची जुळणी असेल तर ते अंगात मुरे, नसेल तर वहीत राही. म्हणून मी पुढचा धडा कोणता आहे हे आधी विचारून घेई आणि मिस्त्रींना सांगे. ते जमेल तसे त्या प्रकारचे काम माझ्याकडे वळवीत. जुळणीत सरस लावण्यापूर्वी संपूर्ण चौकट कोरडी जुळवून पाहायची, क्लॅम्प योग्य मापावर उघडून ठेवायचे, कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर हे ठरवायचे, कारण पांढरा सरस एकदा लावला की हातात फार थोडी मिनिटे असतात. त्या मिनिटांत मिस्त्री बोलत नसत, फक्त कर्ण मोजण्याची पट्टी माझ्याकडे सरकवीत.

प्रत्यक्ष जागेवर बसवणीला गेल्यावर कळले की कारखान्यातली अचूकता तिथल्या भिंतींना ठाऊक नसते. ओळंबा धरला की भिंत कललेली दिसते, जमीन एका कोपऱ्यात खाली गेलेली असते, आणि आपले गुण्यात असलेले दार त्यात बसवायचे असते. चौकट पाचरी सरकवत ओळंब्यात आणायची, दाराभोवती दोन ते तीन मिलिमीटरची सारखी फट ठेवायची, बिजागरीसाठी तिच्या पात्याच्या जाडीइतकीच खाच घ्यायची आणि कुलुपाच्या बाजूची कड आतल्या अंगाला किंचित उतरती रंधायची, म्हणजे मिटताना ती चौकटीला घासत नाही. इथे अनुभवी कारागिराची पारख दिसते: कुठे मिलिमीटरचा अंशही सोडायचा नाही आणि कुठे भिंतीची तिरप झाकण्यासाठी पट्टी जाणूनबुजून निमुळती करायची, हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. मी त्यांच्या मागे उभी राहून ते पाहत असे आणि परतताना विचारत असे, की इथे असे का केले. बहुतेक वेळा उत्तर मिळे. कधी कधी ते स्वतःच थोडा वेळ थांबून विचार करीत, कारण त्यांचा हात ते केव्हाच करू लागला होता.

अखेरच्या टप्प्यात माझ्याकडे सरळ जिना आला. जिन्यात सुटे सुटे शिकलेले सारे एकत्र येते. पायरीची उंची दुप्पट करून तिच्यात पाऊल ठेवण्याच्या जागेची खोली मिळवली की बेरीज साधारण 600 ते 640 मिलिमीटर यावी, म्हणजे चालणे सहज होते; हा नियम सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांच्या नावाने ओळखला जातो. तळापासून वरच्या मजल्यापर्यंतची एकूण उंची समान भागांत विभागायची, आणि सर्व पायऱ्या सारख्या आल्या पाहिजेत, कारण चढणारे पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांत उंची ठरवून टाकते आणि पुढे डोळे पाहत नाहीत. मी आधी रॉड केला, मग बाजूच्या फळ्यांवर साचा सरकवत खाचा आखल्या, पायऱ्या बसवून मागून पाचरी मारल्या. अंतिम मूल्यमापनासाठी याच जिन्याची छायाचित्रे, रेखाटने आणि नोंदवही मी सादर केली. परीक्षकांनी तयार वस्तूइतकाच वेळ नोंदवहीत घालवला आणि प्रत्येक निर्णयाचे कारण विचारले. ज्यांनी आठवड्याच्या आठवड्याला नोंदी ठेवल्या नव्हत्या, त्यांना तिथे फार त्रास झाला.

हत्यारे विकत घेण्याची घाई कोणी करू नये, हेही इथे सांगते. कारखान्यात सुरुवातीला बरेच काही मिळते, आणि स्वतःचे म्हणून एक चांगला गुण्या, एक गेज, आखणीची सुरी, तीन-चार रुंदींच्या पटाश्या, एक लहान रंधा, बारीक दातांची करवत आणि धारेचे दगड एवढ्यावर दीर्घकाळ निभावते. पुढची हत्यारे ज्या कामाकडे आपण वळतो त्या कामाने ठरवावीत.

प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन वाटा समोर होत्या: यंत्रविभाग, बेंचवरची जुळणी किंवा जागेवरची बसवणी. त्याच कारखान्यात रॉड आखण्याचे आणि कापणीच्या याद्या करण्याचे काम एक ज्येष्ठ कारागीर करत होते आणि त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मी ते मागून घेतले. आता आठवड्यातले निम्मे दिवस मी आखणीच्या टेबलावर असते आणि उरलेले बेंचवर, कारण ज्याला स्वतः आखलेले स्वतः जुळवावे लागते त्याच्या रेघा नेमक्या राहतात, असे मिस्त्री आणि ते ज्येष्ठ कारागीर या दोघांचेही म्हणणे पडले.